बाबांच्या पाठीतला तुकडा

बाबा अकोल्याला माझ्याकडे आले ते भावाशी भांडून.

अमरावतीच्या ज्या शाळेत त्यांनी उभी हयात गणित शिकवलं, त्या शाळेने त्यांचा सत्कार ठरवला होता. तोही गणिताच्या मास्तरचा नाही. एकाहत्तरच्या लढाईत बाबा बॉम्बर विमानावर नेव्हिगेटर होते. पायलट विमान चालवायचा आणि बाबा नकाशा, वारा आणि वेळ यांचा मेळ घालून त्याला वाट सांगायचे. ठरलेली जागा जवळ आली की विमानाच्या नाकात पोटावर पालथं पडून, खाली बघत, बॉम्ब सोडायचं कामही त्यांचंच. चांदूर बाजारकडे वांगी-टमाटे पिकवून बाजारात विकणाऱ्या घरातला मुलगा तिथवर पोचला, याचं आमच्या अख्ख्या गोतावळ्याला कौतुक होतं. बाबांना मात्र त्यावर बोललेलं चालायचं नाही. लढाईनंतर ते शाळेत लागले, तिथली पोरं त्यांना मागून ‘बॉम्बर सर’ म्हणायची. ते ऐकू येऊनही न ऐकल्यासारखं करायचे.

शाळेने आधी बाबांनाच विचारलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. मग शाळेने भावाला विचारलं आणि त्याने हो म्हणून टाकलं. एवढ्यावर थांबता तर ठीक होतं, पण त्याने बाबांच्या कपाटातला गणवेशातला फोटो काढून दिला आणि दोन दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. बाबा दूध आणायला गेले आणि तिथे स्वतःलाच बघून आले.

“त्या फोटोले हात कोनं लावला?”

भाऊ म्हणाला, “बाबा, लोकायले माहीत तं होऊ द्या.”

“मले इचारलं काहून नाई?”

“इचारलं असतं तं तुमी हो म्हटलं असतं का?”

भावाने हे मला फोनवर सांगितलं तोवर बाबा पिशवीत दोन सदरे घालून बसस्थानकाकडे निघाले होते. दुपारी ते माझ्या दारात उभे राहिले. बसमधून उतरताना पायरी चुकली, पाठीवर आपटलो, म्हणाले. पण काही नाही, ठीक आहे. मी हळदीचं दूध दिलं. त्यांना हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती, हे मला माहीत होतं. तरी पडण्याचा आणि त्या गोळीचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. रोज शेकडो बिया मोजून कुठली उगवेल आणि कुठली नाही ते ठरवते. घरातलं माणूस मात्र असं मोजून बघत नाही आपण.

सकाळी सातला त्यांनी हाक मारली. “माय, जरा इकडं ये.” ते पलंगावर बसले होते, पाय खाली सोडलेले. म्हणाले, “पाय माहे नाईत वाटून राह्यले.”

दवाखान्यात पोचेपर्यंत नऊ झाले. तिथल्या सर्जनने बाबांच्या तळव्यावर किल्ली ओढली, मांडीला टोचून पाहिलं. बाबा छताकडे बघत होते. किल्ली लागली तेव्हाही छताकडेच. सर्जन मला बाहेर घेऊन गेले. पाठीच्या कण्यात रक्त साचून मज्जारज्जू दाबली जात असावी, असं त्यांचं मत होतं. “लगेच एमआरआय करा. नेमकं कुठं साचलंय ते कळलं की आज दुपारच्या आत काढून टाकू. उशीर झाला तर पाय परत येतील याची खात्री मी देऊ शकत नाही.”

नवरा कामासाठी बाहेरगावी होता. मी भावाला फोन केला. तो अमरावतीहून गाडी घेऊन निघाला. “बाबांची हृदयाची फाईल आन,” एवढं मी सांगितलं.

तपासणी केंद्र शेजारच्याच इमारतीत होतं. तिथल्या मुलाने माझ्या हातात एक फॉर्म दिला. पेसमेकर आहे का, नाही. कवळी आहे का, नाही. शरीरात कुठे धातूचा तुकडा, गोळी, छर्रा आहे का? मी सरळ ‘नाही’वर खूण केली आणि कागद परत द्यायला निघाले. स्ट्रेचरवरून बाबा म्हणाले,

“ते खोड. आहे.”

“काय आहे?”

“पाठीत. डाव्या खांद्याखाली.”

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. लहानपणी बाबांच्या पाठीला उटणं लावलं आहे मी. डाव्या खांद्याखाली एक पांढरट, आवळल्यासारखी खूण आहे. ती लहानपणी विहिरीच्या काठावरून पडले त्याची, असं आई सांगायची. आई गेली तेव्हाही हेच सांगून गेली.

“तुमच्या आईले मीच तसं सांगतलं होतं,” बाबा म्हणाले. “म्हणजे तुमी लेकरं इचारत बसनार नाई.”

मुलगा आत पळाला आणि केंद्राच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. माझ्यापेक्षा लहान असतील, पण बोलणं नेमकं. त्यांनी आधी बाबांचा साधा एक्स-रे काढला आणि काच उजळून मला दाखवला. फासळ्यांमागे तीन ठिपके होते. दोन खांद्याच्या हाडाजवळ, तिसरा तांदळाच्या दाण्याएवढा, मणक्यापासून जेमतेम बोटभर अंतरावर.

“हे मशीन म्हणजे एक प्रचंड चुंबक आहे,” त्या म्हणाल्या. “तुकडा लोखंडाचा असेल तर तो हलू शकतो, तापू शकतो. इतका कण्याजवळ असताना मी तो धोका घेऊ शकत नाही. ॲल्युमिनियमचा असेल तर फरक पडत नाही. काका, कशाचा आहे हे?”

“मले नाई माहीत. खालून गोळा फुटला. त्याचा असन, नाई तं आमच्या विमानाचा असन.”

“कुणाला माहीत असेल?”

बाबांनी मान भिंतीकडे वळवली. घड्याळात साडेदहा झाले होते. बाईंनी सर्जनला फोन लावला. मी बाबांच्या तोंडाजवळ वाकले. “बाबा, कोनाले माहीत असन?”

“पायलटले,” ते म्हणाले. “ज्या डॉक्टरनं बाकीचे तुकडे काढले, त्याच्यासमोर बाजूच्या खाटेवर तो होता. मी बेशुद्ध.”

“ते आहेत का?”

“मी काय जानं. मी पुढं त्याच्याशी कधी बोललोच नाई.”

आणि मग, पडदा लावलेल्या त्या कोपऱ्यात, पन्नास वर्षांहून जास्त दाबून ठेवलेली गोष्ट बाबांनी मला मोजक्या वाक्यांत सांगितली. मला ती तशीच्या तशी आठवते.

त्या जातीच्या विमानात पायलटच्या खुर्चीला सुटकेची सोय होती. खटका ओढला की खुर्चीसकट माणूस बाहेर फेकला जायचा आणि छत्री उघडायची. नेव्हिगेटरला तशी खुर्ची नव्हती. त्याने उठून, छत्री छातीला अडकवून, बाजूच्या दारातून स्वतः उडी मारायची. मला एकदम सिनेमाघर आठवलं. कुठल्याही सिनेमाला गेलो की बाबा आधी दार कुठे आहे ते बघायचे आणि त्याच्याजवळच बसायचे. आम्हाला वाटायचं, त्यांना गर्दी सोसत नाही.

“आमी बॉम्ब सोडून वळलो आन् गोळा फुटला. एक इंजिन गेलं. माहा डावा हात उचलंच ना. पायलट म्हने, उडी मार. मी म्हटलं, छत्री अडकवता येत नाई. त्याच्या हातात खटका होता. तो गेला असता तं कोनी त्याले काई म्हटलं नसतं.” बाबांनी डोळे मिटले. “मी रडलो, माय. आरडलो. मले सोडून नोको जाऊ बापा, मले घरी ने, असं. तो गेला नाई. तसंच विमान घेऊन आला आन् धावपट्टीवर आपटवलं. त्याच्या पाठीचे मणके गेले. परत उडला नाई तो कधी. माह्या आरडन्यानं त्याचं सारं गेलं. दवाखान्यात तो मले भेटाले आला, तं मी झोपेचं सोंग घेतलं. पुढं पत्रं येत. मी उत्तर देल्लं नाई.”

मी त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले. त्यांना माझ्या हाताची लाज वाटत होती हे दिसत होतं.

तेवढ्यात भावाचा फोन आला, मूर्तिजापूर ओलांडलं म्हणून. मी त्याला तुकड्याचं आणि पायलटचं एका दमात सांगितलं. पलीकडून गाडीचा आवाज थांबला. त्याने गाडी कडेला घेतली होती.

“ताई, माझ्याकडे नंबर आहे,” तो म्हणाला.

“कोनाचा?”

“पायलट साहेबांचा. सत्काराच्या निमित्तानं मी जुन्या लोकांना शोधून राह्यलो होतो. देहरादूनला असतात. मागच्या आठवड्यातच भेटला नंबर. बाबांना सांगायची हिंमत झाली नाही.”

“सांग,” मी म्हटलं आणि फॉर्मच्या मागे आकडे लिहून घेतले.

मी नंबर लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग एक घोगरा, मोठा आवाज. मी हिंदीत माझी ओळख दिली. बाबांचं नाव घेतलं.

“ज़िंदा है?” त्यांनी विचारलं.

“हाँ, लेकिन—” मी घाईघाईने तुकड्याचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी फोन हातात घेऊन स्पीकर लावला. ते म्हणाले, दोन तुकडे काढले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. एक अजून माझ्याकडे आहे. थांबा. खण उघडल्याचा, काहीतरी सांडल्याचा आवाज आला. हलकं, पांढरं आहे, म्हणाले. एका बाजूला रंग आहे, आमच्या विमानाचाच. बाईंनी विचारलं, घरात चुंबक आहे का? फ्रिजच्या दारावरचं चालेल. पुन्हा वाट बघणं. मला भिंतीवरचं घड्याळ बघवत नव्हतं.

“नहीं चिपकता,” ते म्हणाले. “बिलकुल नहीं चिपकता.”

बाई लगेच हो म्हणाल्या नाहीत. बाहेर काढलेला तुकडा ॲल्युमिनियमचा होता, म्हणून आत राहिलेलाही असेलच असं नाही, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. एक्स-रे पुन्हा बघितला. हे ठिपके फिकट आहेत, लोखंड याहून खूप ठळक दिसतं, म्हणाल्या. मग एक जड चुंबक आणून बाबांच्या पाठीवर, त्या खुणेवरून सावकाश फिरवलं. “ओढल्यासारखं वाटतं का काका?”

“नाई.”

“नक्की?”

“डॉक्टरीणबाई, मी मास्तर आहो. नसन तं नाईच म्हननार.”

फोन अजून चालूच होता, हे कुणाच्या लक्षात नव्हतं. बाबांचा आवाज ऐकून तिकडून साहेब जोरात म्हणाले, “ओये! वही आवाज़!”

बाबांचा चेहरा बदलला. त्यांनी मान फोनकडे वळवली.

साहेब सांगत सुटले. त्या रात्री हा सारखा ओरडत होता, म्हणाले. त्याच्या गावच्या भाषेत. एक अक्षर कळत नव्हतं. मला वाटलं, देवाचं काहीतरी म्हणतोय. पण बोलतोय म्हणजे जिवंत आहे, एवढं कळत होतं. मी मनात म्हणत होतो, बोलत राहा, गप्प नको होऊ. गप्प झाला असता तर मी खटका ओढला असता. मग त्यांनी विचारलं, “तू क्या बोल रहा था, यार? पचास साल से पूछना था.”

बाबांनी ओठ उघडले, पण त्यांना ते सांगवेना. “बाद में,” एवढंच म्हणाले.

“ठीक है. बाद में,” साहेब म्हणाले. “पहले अंदर जा.”

बाईंनी कागदावर धोका लिहिला. मी सही करायला पेन उचललं, पण बाबांनी ते माझ्या हातातून घेतलं. पाठीवर पडल्या पडल्या त्यांनी सही केली, अक्षर अजिबात न हलता.

मी अंगावरचं मंगळसूत्र, बांगड्या, केसांतली पिन काढून आत बसले. त्यांच्या हातात रबरी फुगा दिला होता. पाठीत गरम लागलं, ओढलं गेलं, की दाबायचा. ती नळी इतकी अरुंद की त्यांचे खांदे दोन्ही बाजूंना टेकले. मग आवाज सुरू झाला. लोखंडी पत्र्यावर कुणीतरी हातोडे मारत सुटलंय तसा. मला त्यांचे पाय फक्त दिसत होते आणि फुगा धरलेला हात. मी त्या हाताकडे बघत राहिले. बोटं एकदा आवळली गेली. मी उठले. पण फुगा दाबला गेला नव्हता. त्यांनी फक्त पकड बदलली होती. त्यानंतर मी बसू शकले नाही. उरलेला सगळा वेळ उभीच राहिले.

बाहेर आल्यावर त्यांनी पाणी मागितलं. “जरासं गरम लागलं होतं,” म्हणाले.

“मग दाबलं काहून नाई?”

“दाबलं असतं तं बंद केलं असतं ना त्यायनं.”

भाऊ पोचला तेव्हा बाबांना ऑपरेशनसाठी आत नेत होते. तो स्ट्रेचरबरोबर चालत राहिला. “बाबा, फ्लेक्स उतरवाले सांगतो मी,” तो म्हणाला. बाबांनी त्याचा हात धरला. “आता राहू दे,” म्हणाले, आणि दार बंद झालं. साडेतीन तास आम्ही दोघं भावंडं त्या दाराबाहेर बसलो. मी त्याला खटक्याचं आणि आरडण्याचं सांगितलं. तो ऐकून घेत होता आणि बुटाची लेस सोडत-बांधत होता.

रक्ताची गाठ निघाली. तिसऱ्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा हलला. डावा पाय पूर्ण आला नाही. तो आजही ओढत टाकावा लागतो. सत्काराचा दिवस तोवर निघून गेला होता. शाळेने तो पुढे ढकलला आणि या वेळी बाबा एका अटीवर तयार झाले, की साहेबही येतील.

साहेब थंडीत आले. भाऊ त्यांना बडनेरा स्टेशनवर उतरवून घ्यायला गेला. उंच, वाकलेले, काठी टेकत, एका कानाने बहिरे. बाबा अमरावतीच्या घराच्या फाटकात वॉकर धरून उभे होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनाही पुढे काय करायचं ते सुचेना. शेवटी साहेब म्हणाले, “तू तो बुड्ढा हो गया,” आणि बाबा हसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना चांदूर बाजारकडच्या आमच्या शेतावर नेलं. आता तिथे चुलतभाऊ संत्रा आणि भाजी करतात. विहिरीजवळ बाजेवर दोघं बसले होते. मी संत्री सोलत होते. तिथे बाबांनी त्यांना ते शब्द सांगितले, आधी वऱ्हाडीत, मग हिंदीत. साहेबांचा बहिरा कान बाबांच्या बाजूला होता, म्हणून बाबांना ते दोनदा, मोठ्याने सांगावं लागलं. शेजारच्या वाफ्यात मेथी खुडणाऱ्या बायांनीही मान वर केली.

साहेबांनी काठी बाजेला टेकवली. मग म्हणाले, उडणं गेलं त्याचं मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. कितीतरी वर्षं वाटलं. तुझ्यावर राग पण आला, पत्राला उत्तर देत नाहीस म्हणून. पण तू मला थांब म्हणत होतास, हे मला माहीतच नव्हतं. मी माझ्या मनाने थांबलो होतो.

बाबांनी मान हलवली. ते त्यांना पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी माझ्या हातातली संत्र्याची फोड घेतली आणि साहेबांना दिली.

सत्काराला शाळेचं पटांगण भरलं होतं. शाल-नारळ झालं, भाषणं झाली. मग मुलांनी प्रश्न विचारायचे होते. नववीतली एक मुलगी उभी राहिली. तिने कागदावर लिहून आणलेला प्रश्न वाचला नाही, कागद मुठीत धरून विचारलं, “सर, तुम्ही बॉम्ब टाकले तेव्हा खाली माणसं होती का?”

मंचावरची माणसं अस्वस्थ झाली. मुख्याध्यापकांनी माईककडे हात केला. बाबांनी तो स्वतःकडे ओढून घेतला.

“मी शत्रूची धावपट्टी पाहत होतो,” ते म्हणाले. “पायलटला खालचं दिसत नसे, ते मला दिसे. म्हणून बटण माझ्या हातात होतं. माणसं मला दिसली नाहीत. पण तिथे माणसं असणार, हे मला माहीत होतं. माहीत असून मी ते दाबलं. काम माझं होतं आणि ते मी केलं. त्याची मला लाज नाही, पण टाळ्या नका वाजवू.”

कुणी वाजवल्या नाहीत. ती मुलगी सावकाश खाली बसली. साहेबांना ऐकू आलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी वाकून त्यांच्या चांगल्या कानात हिंदीत सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि काठीवर दोन्ही हात ठेवून तसेच बसून राहिले.

घरी परतताना भाऊ गाडी चालवत होता, बाबा पुढे, मी आणि साहेब मागे. मग बाबा आपणहून म्हणाले, “त्या विमानाखाली रोज आठ-दहा जन राबत. बॉम्ब चढवनारे, तेल भरनारे. आमी परत येऊन तं राह्यलो का नाई, ते पाहत धावपट्टीच्या काठावर उभे राहत. त्यायचा कोनी सत्कार नाई केला.”

“नावं आठवतात?” भावाने विचारलं.

बाबा सांगू लागले, आणि मी ते साहेबांच्या चांगल्या कानात हिंदीत सांगत गेले. भावाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, खिशातली कार्यक्रमपत्रिका काढली आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. सात नावं झाली. आठव्याशी बाबा अडले. केरळकडचा होता, हसरा, पुढचा एक दात नव्हता, म्हणाले, पण नाव काही केल्या येईना. साहेबांनी मागून पुढे झुकून ते सांगितलं.